दुखवट्याबाहेरचा माणूस



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला समाजशास्त्र शिकवायचे. रूढी-परंपरांची त्यांनी वर्गात कधी टिंगल केली नाही. एखादी रूढी टिकून आहे म्हणजे ती कोणाच्या तरी उपयोगी पडत असणार, ते आधी शोधा. आणि ती कोणाला बाहेर ठेवते, तेही शोधा, असं ते सांगत. आज मी तेच करणार आहे. माझा विषय आहे शोक, आणि त्या शोकाच्या मांडवात ज्याला जागाच नसते असा एक माणूस. चाळिशी-पन्नाशीतला समलिंगी पुरुष, ज्याचा जोडीदार वारला आहे. मी स्वतः तो माणूस आहे. आयोजकांना हे ठाऊक आहे आणि तरीही, खरं तर म्हणूनच, त्यांनी मला बोलावलं. त्यांचे आभार मी मनापासून मानतो.

मराठी घरात माणूस गेलं की काय होतं ते आठवून पाहा. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, डब्यातून भाकरी येतात. कोणीतरी न विचारता चहाचं आधण टाकतं, कोणीतरी महापालिकेतून पास काढून आणायला धावतं. माणूस गेलं त्या जागी दिवा ठेवतात आणि तो विझू न देण्याचं काम घरातल्या एखाद्या पोराकडे येतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला घाटावर जायचं, तेराव्याला गोडाचं जेवण. सोयरे येऊन दुखवटा काढतात, टोपी-टॉवेल देतात, बळेबळे दोन घास खायला लावतात. आणि या सगळ्या दिवसांत माणसं समाचाराला येत राहतात. येणारा टेकतो, घोटभर पाणी पितो आणि विचारतो, "कसं झालं हो?"

या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा. वाटायचं, कशाला हे पुन्हा पुन्हा उगाळायला लावतात? आता मला वाटतं की आपल्या पूर्वजांनी शोकावर जे जे उपाय योजले त्यातला हा सगळ्यात शहाणा उपाय. पहिल्या दिवशी सांगणाऱ्या बाईला धड सांगताही येत नाही. "सकाळी चहा घेतला, मग म्हणाले छातीत जळजळतंय," एवढ्यावर ती अडते. पाचव्या दिवशी तीच बाई रिक्षा कशी मिळाली, डॉक्टर काय म्हणाले इथवर पोचते. तेराव्यापर्यंत तिच्या तोंडी त्या मरणाची एक सलग हकीकत तयार झालेली असते. तिला सुरुवात असते, शेवट असतो. आणि "आम्ही अर्धा तास आधी नेलं असतं तर?" हा जो काटा तिच्या मनात रुतलेला असतो, त्यावर येणारा प्रत्येक जण एकच सांगून जातो: तुम्ही काही कमी केलं नाहीत. इतक्या तोंडांनी ऐकल्यावर तिला ते थोडंफार खरं वाटू लागतं. एकटीने आरशासमोर उभं राहून हे होत नाही. त्याला माणसं लागतात.

याच परंपरेने विधवांचं काय केलं, हे मी विसरलेलो नाही. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं. त्याआधीच्या पिढ्यांत केशवपन. सांत्वन करणारे हातच ओरबाडतही होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि नंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. हेरवाडचा दाखला मी मुद्दाम देतो. दुखवट्याचे नियम आकाशातून पडत नाहीत. एका ग्रामपंचायतीला ते बदलता येतात.

मग आता या मांडवात कोण बसतं ते बघू. वर्तमानपत्रातली निधनवार्ता घ्या. "त्यांच्या पश्चात आई, दोन भाऊ, भावजया, पुतणे असा परिवार आहे." हे एक वाक्य म्हणजे शोकाचा सातबारा आहे. त्यावर ज्याचं नाव लागलं त्याच्याकडे लोक समाचाराला जातात, त्याला ऑफिसातून रजा मिळते, त्याचे डोळे सुजलेले दिसले तर कोणी कारण विचारत नाही. ज्याचं नाव लागलं नाही, तो कितीही रडो, त्याचं रडणं बेकायदा अतिक्रमण ठरतं.

माझा जोडीदार स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. हा आजार असा लबाड आहे की दुखायला लागेपर्यंत तो बहुधा पसरलेला असतो. पुण्याच्या एका रुग्णालयात मी त्याच्या उशाशी होतो. भरतीच्या कागदावर "रुग्णाशी नाते" असा रकाना होता, त्यात मी "मित्र" असं लिहिलं. पुढे एका प्रक्रियेच्या संमतीपत्राची वेळ आली तेव्हा मला सांगण्यात आलं की रक्ताचं कोणीतरी बोलवा. त्याचा धाकटा भाऊ रात्रीच्या एसटीने कराडहून आला. हा भाऊ शेतकरी, अतिशय सरळ माणूस. "दादा, तुम्ही दाखवाल तिथं सही करतो," म्हणाला. मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. निर्णय माझा आणि सही त्याची, असं ते शेवटपर्यंत चाललं. या कुटुंबाबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही, हे मला आज इथे जाहीरपणे सांगायचं आहे. त्यांनी मला कधी हाकललं नाही. फक्त मी कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

दहावा कराडला झाला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्या वेळी घाटावर कशी कुजबुज सुरू होते. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, हे एकेक जण बोलून पाहतो. भावाने हात जोडून सांगितलं, "आईला अंतर देणार नाही." कावळे समोरच्या झाडावरच. मग कोणीतरी म्हणालं, "विहिरीचं काम पुरं करू." तरी नाही. शेवटी त्याचे एक चुलते पुढे होऊन म्हणाले, "लग्न राहिलं पोराचं. संसार बघितला नाही त्यानं. आता काय करायचं, सांगा." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मागे, गावातल्या त्याच्या शाळासोबत्यांच्या घोळक्यात उभा होतो. त्याने संसार बघितला होता. गॅसचा नंबर कधी लावायचा, दूधवाल्याचे किती झाले, माझ्या रक्तदाबाची गोळी संपत आली की नाही, हे सगळं त्याने बघितलं होतं. त्याला शेवटच्या आठवड्यात काळजी होती ती माझ्या पाठीच्या दुखण्याची आणि बाल्कनीतल्या सोनचाफ्याची. हे मला तिथे मोठ्याने बोलता आलं नाही. बराच वेळ वाट पाहून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी पुरा झाला.

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ मध्ये आला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्यातला आनंद वडिलांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी येतो, दहा दिवस राहतो, आणि त्या सुतकाच्या घरातसुद्धा नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. तो चित्रपट पाहताना मला घाटावरचे ते चुलते आठवले. कानवडे यांनी त्या नातेवाइकांना दुष्ट केलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे माणसाचं आयुष्य मोजण्याचं माप एकच आहे, आणि प्रेम करणारी माणसंही त्याच मापाने मोजतात.

पुण्याला परत आलो. समाचाराला कोणी आलं नाही. कोणाकडे यायचं, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. सोसायटीतले एक गृहस्थ जिन्यात भेटले, खरोखर कळवळून म्हणाले, "तुमचे रूम-पार्टनर गेले म्हणे. फार वाईट झालं. आता दुसरं कोणी बघणार का? भाडं एकट्याला झेपणार नाही." त्यांना माझी काळजीच वाटत होती. कचेरीत रजेच्या अर्जावर मी पोटाचं दुखणं लिहिलं.

एकच माणूस आलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. बरीच वर्षं त्या आम्हा दोघांचं करत होत्या. कपाटं दोन आणि पलंग एक, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी कणीक मळायला घेतली आणि मधेच हात थांबवून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग खालीच बसल्या, फरशीवर. "दादा, कसं झालं ते सांगा तरी," म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगत गेलो. पोट दुखायला लागलं तिथपासून. कणकेवर माशी बसली तर त्या पदराने वारत होत्या, पण उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तुमी लई केलं त्यांचं. सख्खं करत न्हाई." माझा तेरावा झाला तो त्या स्वयंपाकघरात.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये यावर पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाची उघड कबुली देता येत नाही, ज्याचा जाहीर शोक करता येत नाही आणि ज्याला समाजाचा आधार मिळत नाही, अशा शोकाचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. त्यात घटस्फोटित पती-पत्नी येतात, गर्भपाताचं दुःख येतं, लग्नाबाहेरची नाती येतात, समलिंगी जोडीदार येतात. म्हणजे आम्ही एकटे नाही. या सभागृहातसुद्धा अशी माणसं असतील ज्यांनी एखाद्या मरणाचं दुःख बाथरूममधला नळ सोडून केलं असेल. हे व्याख्यान त्यांच्यासाठीही आहे.

पण आमच्या पिढीचं थोडं वेगळं सांगायला हवं. आज पंचेचाळीस ते साठ या वयात असलेले समलिंगी पुरुष तरुण होते तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण ताकदीने उभं होतं. समलिंगींसाठीचं 'बॉम्बे दोस्त' नियतकालिक १९९० मध्ये निघालं, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये उभा राहिला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये. त्याच काळात एचआयव्ही आला. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधोपचार सुरू झाले ते एप्रिल २००४ पासून. त्याआधी जे गेले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी "टीबी झाला होता" असं सांगून विषय मिटवला गेला. मित्रांना बातमी कळायची तीही उशिरा, बहुतेक वेळा चुकून. शोक गिळायची सवय आम्हाला विशीतच लागली. पुढे आयुष्यभर ती सवय शहाणपणा म्हणून मिरवली गेली.

मध्यम वयात तिची किंमत मोजावी लागते. भावंडांचे संसार असतात, म्हणून म्हाताऱ्या आईबापांचं करणं बिनलग्नाच्या मुलाकडे येतं. "तुला काय, तुझ्यामागे व्याप नाही." तो ते करतो, आनंदाने करतो. आईबाप जातात. मग जोडीदार गेला तर घरात असं कोणीच उरत नाही ज्याने त्याचं आयुष्य पाहिलेलं आहे. एकटेपणा म्हणतात तो मला तरी असा भेटला. माणसं नव्हती असं नाही. कचेरी होती, भाचरं होती. पण आम्ही दोघं २००५ च्या पावसात कुठे अडकलो होतो, दारावरचा ओरखडा कशाने पडला, आमच्यातला कोणता विनोद कशावरून सुरू झाला, हे जाणणारं दुसरं माणूस जगात राहिलं नाही. सगळी साक्ष एकट्यावर येऊन पडली. विधवा बाईकडे निदान लग्नाचा अल्बम असतो आणि त्यातली माणसं ओळखणारी नणंद असते.

इथे मला एका मराठी कवीचं नाव घ्यायचं आहे. प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांच्या खाजगी क्षणाचं चित्रीकरण केलं. विद्यापीठाने उलट त्यांनाच निलंबित केलं, राहतं घर सोडायला लावलं. त्यांची निवृत्ती तेव्हा जवळ आलेली होती. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिलला न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. त्यानंतर आठवडाभरात, ७ एप्रिल २०१० रोजी, भाड्याच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. हंसल मेहता यांनी त्यांच्यावर 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट काढला, मनोज वाजपेयी यांनी ती भूमिका केली, म्हणून देशाला ते माहीत झाले. पण ते आपले होते. आपल्या भाषेत लिहीत होते. माझ्या मते मराठी माणसांनी त्यांचा शोक पुरेसा केलेला नाही. न्यायालयाने त्यांना न्याय दिला आणि तो न्याय घेऊन ते ज्या खोलीत परतले तिथे दार उघडायला कोणी नव्हतं. कायदा आणि सोबत या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे मी सिरसांकडून शिकलो.

तरी कायदा नको असं म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. एक हकीकत सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात जिम ओबरगेफेल आणि जॉन आर्थर हे दोघं वीस वर्षं एकत्र राहत होते. जॉनला एएलएस झाला. या आजारात स्नायू एकेक करून निकामी होत जातात. ओहायोत त्यांचं लग्न होऊ शकत नव्हतं. मित्रांनी आणि नातेवाइकांनी पैसे जमवले, रुग्णांसाठीचं छोटं विमान ठरवलं, आणि ११ जुलै २०१३ रोजी मेरीलँडमधल्या बाल्टिमोरच्या विमानतळावर, उभ्या विमानात, जॉन खाटेवर पडलेला असताना त्यांचं लग्न लागलं. लगेच विमान परत फिरलं. मग एका वकिलाने त्यांना ओहायोच्या मृत्युदाखल्याचा कोरा नमुना दाखवला. जॉन गेल्यावर त्यावर तो अविवाहित म्हणून नोंदला जाणार होता आणि मागे राहिलेल्या जोडीदाराची जागा रिकामी राहणार होती. तेवढ्या एका रकान्यासाठी ते दोघं न्यायालयात गेले. जॉन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. जिम तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी समलिंगी विवाहाचा जो निकाल दिला, तो जिमच्या नावाने ओळखला जातो. लोक त्याला लग्नाचा खटला म्हणतात. मी त्याला शोकाचा खटला म्हणतो. एका मध्यमवयीन माणसाला आपल्या माणसाच्या मरणाच्या कागदावर आपलं नाव हवं होतं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र नाकारला आणि तो प्रश्न संसदेवर सोपवला. त्यानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं काढायला आणि एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून द्यायला कोणतीही आडकाठी नाही. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. 'नातेवाईक उपलब्ध नसतील तर'. म्हणजे रांगेत आम्ही आहोत, पण शेवटी. तरीही मी या पत्राचं मोल कमी लेखत नाही. पूर्वी आम्ही रांगेतच नव्हतो.

म्हणून माझ्या वयाच्या जोडप्यांना मी हात जोडून सांगतो, कागद करा. मृत्युपत्र केलेलं नसेल तर अविवाहित हिंदू पुरुषाची मालमत्ता आईकडे जाते, आई नसेल तर वडील, ते नसतील तर भावंडं, पुतणे अशी उतरत जाते. जोडीदार त्या यादीत कुठेच येत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा. नुसतं नॉमिनी म्हणून नाव लावून भागत नाही, कारण नॉमिनी हा सहसा वारसांचा विश्वस्त असतो, मालक नसतो. माझ्या परिचयातल्या एकाच्या दारात तेराव्यानंतर पुतणे कुलूप घेऊन उभे राहिले. त्याच्याकडे नॉमिनीचा कागद होता आणि मृत्युपत्र नव्हतं. आजारपणासाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा. त्याखाली मानसिक उपचारांसाठी आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही प्रौढ माणसाला नेमता येतं, नातं असावं लागत नाही. हे बोलायला रुक्ष आहे. पण ज्या रात्री आयसीयूच्या दारात "तुम्ही कोण?" असं विचारतात, त्या रात्री यातला एकेक कागद हातात असावा लागतो.

आता मी कसा सावरलो ते विचाराल. अजून पुरता सावरलेलो नाही, पण उभा आहे. पहिले काही महिने फोनमधल्या डेटिंग ॲपवर गेलो. तिथे पंचविशीतली मुलं होती, बोलायला गोड होती, पण त्यांच्याशी मी माझ्या मेलेल्या माणसाबद्दल काय बोलणार? घरात रात्री टीव्ही चालू ठेवून झोपायचो. मग एका ओळखीच्या गृहस्थाने मला आपल्या घरी रविवारी बोलावलं. आठ-दहा जण असतात, सगळे पन्नाशीच्या आगेमागे. कोणी बँकेतला, कोणी शिक्षक, एक जण पुण्याच्या बससेवेतून निवृत्त. दोघांची लग्नं झालेली आहेत, बायका-मुलं आहेत, आणि त्यांचं दुःख आमच्याहून जास्त कुलूपबंद आहे. भाजी एक जण करतो, पोळ्या विकत आणतो. कोणाचा मोतिबिंदू असेल तर बरोबर कोण जाणार हे तिथे ठरतं. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. सकाळी नऊपर्यंत फोनवरच्या आमच्या गटावर ज्याचा "ठीक" असा निरोप येत नाही, त्याच्याकडे किल्लीवाला जाऊन येतो. मला ही व्यवस्था कुठल्याही समुपदेशनाइतकीच महत्त्वाची वाटते. समुपदेशनही घ्यावं, मी घेतलं. ज्यांना रात्री जगणं नकोसं होतं त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावावा. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या रविवारच्या घरात पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं, "कसं झालं?" मी सांगितलं. पुढच्या रविवारी एक जण नवीन आला होता, तर बाकीचे म्हणाले, पुन्हा सांग, याने ऐकलेलं नाही.

भाद्रपदात पितृपक्ष आला तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती सांगायला हवी. मी कर्मकांडातला माणूस नाही. पण आमच्यातले एक जण याज्ञिकी शिकलेले आहेत. त्यांनी दाखवलं की महालयाच्या तर्पणात आईबाप, आजे-पणजे, काका-मामा, आत्या-मावशा अशी नावं घेत घेत शेवटाकडे गुरू, शिष्य, सखा आणि आप्त येतात. त्यांनाही पाणी सोडायचं असतं. शेकडो वर्षं ही जागा तिथे आहे. त्या वर्षी सर्वपित्रीला मी त्याच्या नावाने पाणी सोडलं, आणि मला ते कोणाच्या उपकाराने करावं लागलं नाही. परंपरेशी भांडण अनेक ठिकाणी करावं लागेल, मी करतोच. पण तिच्या घरात आपली म्हणून जी खोली आहे तिच्यावरचा ताबा आपण कशाला सोडायचा?

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. तुमच्या इमारतीत दोन पुरुष किंवा दोन बायका वर्षानुवर्षं एकत्र राहत असतील आणि त्यांतलं एक गेलं, तर नातं काय होतं याचा उलगडा होण्याची वाट पाहू नका. डबा घेऊन जा. त्यांना काही कबूल करायला लावू नका. बसा, आणि कसं झालं ते विचारा.

वर्षश्राद्धाच्या आधी त्याच्या भावाचा फोन आला. "दादा, या तुम्ही. आणि शेवटी शेवटी त्याला काय खावंसं वाटायचं, ते सांगा. ताटात ते करू. आईला ठाऊक नाही, ती म्हणते त्यांना विचार." मी सांगितलं: मुगाचं वरण, लसणीची फोडणी न घालता, गवारीची भाजी, आणि आटीव दूध, साखर कमी. पुरणपोळी त्याला लहानपणी आवडायची, पण इतक्यात नाही. भाऊ एकेक लिहून घेत होता, मधेच म्हणाला, "गवार? आमच्यात तर कधी खात नव्हता."

मी गेलो. पंगती बसल्या तेव्हा आई आतल्या खोलीत पाट घेऊन बसल्या होत्या. मला हाक मारली, जवळ बसवलं. "पोरांनी मला नीट काही सांगितलंच नाही," म्हणाल्या. "म्हातारीला झेपणार नाही म्हणाले. तू होतास ना सगळा वेळ? मग तू सांग." मी पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं. पोट दुखलं तो सोमवार होता. त्या मधे मधे अडवत होत्या. ताप होता का, डॉक्टर बाई होती की बाप्या, रात्री उशाशी कोण होतं, गवार कोणी करायला शिकवली. बाहेर दुसरी पंगत उठली, तिसरी बसली. भावजय दोनदा दारात येऊन जेवायला चला म्हणून गेली, आणि दोन्ही वेळा आईंनी तिला हातानेच थांबवलं. मी अजून रुग्णालयाच्या पहिल्या आठवड्यातच होतो.